दोन सह्या आणि नोव्हेंबरचं पान

१

ऑक्टोबर उलटला तर खाली थेट डिसेंबर.

पानं चिकटली असतील म्हणून मी बोट ओलं केलं आणि पुन्हा उलटून पाहिलं. चिकटली नव्हती. नोव्हेंबरचं पानच गेलं होतं. वर पत्र्याच्या पट्टीखाली कागदाची बारीक किनार तेवढी राहिली होती, आखून घ्यावी तशी सरळ.

"काकू, काय झालं?" निखिलने विचारलं. सही करायला पेन उघडून बसला होता बिचारा.

तेरा जूनचा शनिवार. निखिल आणि ईशानी माझ्या डायनिंग टेबलाशी खुर्चीला खुर्ची लावून बसले होते. सोमवारी, पंधरा तारखेला, त्यांचं अमेरिकन टॅक्स रिटर्न जायला हवं होतं आणि ज्या एका कागदाशी ताळा घालायचा राहिला होता तोच कागद कोणीतरी फाडून नेला होता.

आधी माझं सांगते. मी विनिता टिपणीस. पुण्याच्या एका ऑफिसात बसून वीस वर्षं अमेरिकन लोकांची रिटर्न्स भरली. आता नवऱ्याच्या व्हिसावर अबुधाबीत, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या एका व्हिलाच्या खालच्या मजल्यावर राहते आणि तेच काम घरून करते. लोक हसतात. इथे पगारावर टॅक्स नाही, मग तुमच्याकडे येतं कोण? ज्यांच्या घरात एक अमेरिकन पासपोर्ट आहे ते येतात. ईशानीचे वडील तिकडे शिकायला होते तेव्हा ती तिथे जन्मली आणि दोन वर्षांची असताना पुण्याला आली. तेवढ्या भांडवलावर अमेरिका तिला जन्मभर उत्पन्न विचारणार.

यंदा तिने वडिलांचा पुण्याचा फ्लॅट विकला, नफा झाला. एकटीने रिटर्न भरलं तर वजावट तुटपुंजी. नवऱ्याला सोबत घेऊन जॉइंट भरलं तर वजावट दुप्पट. पण सोबत घ्यायचं म्हणजे त्याचंही सगळं उत्पन्न मांडायचं. पगार आलाच, शिवाय कंपनी भरते ते घरभाडं, मुलीची फी, वर्षाचं विमानाचं तिकीट. इथे कर नाही म्हणून लोकांना हे उत्पन्नच वाटत नाही. मग परदेशात राहून कमावलेला दोघांचा पगार, प्रत्येकी एका मर्यादेपर्यंत, वगळायचा. मग जोडप्याची वजावट काढायची. उरेल ते करपात्र. निखिलच्या बाबतीत मेख एकच होती. तो गेल्या नोव्हेंबरमध्ये कंपनीच्या ट्रेनिंगला ह्यूस्टनला गेला होता आणि अमेरिकेत बसून काम केलं त्या दिवसांचा पगार वगळता येत नाही. त्या दिवसांचा ताळा घालायला मला नोव्हेंबर हवा होता.

आता यासाठी मी कॅलेंडर का मागते? इथल्या विमानतळावर माणूस स्मार्ट गेटला चेहरा दाखवून जातो, शिक्का मारतच नाहीत. मात्र मराठी बाई जगात कुठेही राहो, गॅस कधी आला, कामवाली कधी आली नाही आणि नवरा परगावी कधी गेला, हे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितेच. त्यात हे आमच्या मंडळाचं कॅलेंडर. पुढे तारखा नि तिथ्या, मागे सभासद बायकांच्या पाककृती. चार वर्षं मी त्याची संपादक आहे, म्हणजे मजकूर कापायचं काम माझं. बायका चार ओळींच्या पदार्थाला पानभर आठवणी लिहितात.

"नोव्हेंबर नाहीये," मी म्हटलं. "बुधवारी तुमच्या घरी मी स्वतः मोजली, बारा पानं होती. आज अकरा आहेत."

ईशानीने निखिलकडे पाहिलं आणि आपली खुर्ची हातभर लांब सरकवली.

"काकू, जॉइंट रिटर्नमध्ये एकाने काही लपवलं तर दुसरा पण अडकतो ना?"

"अडकतो. दोघांची सही असते. एकाची लपवाछपवी दुसऱ्याच्याही मानेवर."

"मग मी सही करणार नाही," ती म्हणाली. "पान कोणी फाडलं हे कळेपर्यंत नाही. आणि त्यानेच फाडलं असेल तर नुसतं रिटर्न वेगळं करून थांबणार नाही मी. अस्मीला घेऊन पुण्याला जाईन."

निखिलने पेनाचं टोपण लावलं. ते लावायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

२

मी निखिलला बाहेर माझ्या नवऱ्यापाशी, सदानंदांपाशी बसवलं आणि ईशानीला स्वयंपाकघरात घेतलं.

एक गोष्ट कबूल करते. मला या जोडप्याचा हेवा वाटतो. आजचा नाही, पहिल्यापासून. आणि जोडप्यापेक्षाही जास्त निखिलच्या आईचा, शोभनाताईंचा. एप्रिलपासून त्या इथे आल्या आहेत, तर ही पोरगी उठता बसता त्यांचं कौतुक करते. माझा राहुल बंगळुरात असतो. त्याची बायको मला दिवाळीला एक फॉरवर्ड पाठवते, तोही सगळ्या नातेवाइकांना एकदम जातो. असो. माझ्या कपाळावर जे लिहिलं आहे ते आहे.

"त्या पानावर काय होतं?" मी ईशानीला विचारलं.

"ह्यूस्टनच्या तारखा होत्या."

"आणि?"

ती ओट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "लाल टिकल्या. पाच. तो तिकडे असताना ज्या रात्री त्याचा फोन आला नाही, त्या तारखेला मी लाल पेनने टिकली काढत होते. पाच रात्री, काकू. आणि तिकडे त्याच्यासोबत कोण होतं माहितीये? वैभवी."

वैभवी निखिलच्या ऑफिसात आहे. दिसायला देखणी, बोलायला मोकळी. आणि मुख्य म्हणजे लग्नाआधी निखिलसाठी तिचं स्थळ आलं होतं, हे ईशानीला माहीत आहे. ही गोष्ट नऊ वर्षं पोटात ठेवून माणूस सुखाने भाकरी खाऊ शकत नाही.

"बुधवारनंतर फाइल कुठे होती?"

"आमच्या बेडरूमच्या टेबलावर. गुरुवारी संध्याकाळी वैभवी आली होती, ह्यूस्टनच्या हॉटेलचं पत्र द्यायला. मुद्दाम घरी आली, बघा. ईमेल करता आला असता की नाही? मी फाइल बाहेर आणली, पत्र घातलं, फीत बांधली, परत आत ठेवली. दहा मिनिटं बसली होती."

"तेवढ्यात तिने पान काढलं असेल?"

"कसं काढेल? तिच्यावरची नजर मी हलवलीच नाही. चहा पण निखिलला करायला लावला."

मला आतल्या आत हसू आलं. ज्या बाईवर हिचा सर्वांत जास्त राग, तिची साक्षीदार हीच होऊन बसली होती.

"घरात आणखी कोण होतं?"

"अस्मी आणि आई. आणि काकू, आई निघाल्यात. जुलैचं तिकीट होतं, परवा अचानक निखिलला म्हणाल्या, रविवारचं कर. उद्या रात्री जातायत. कारण सांगत नाहीत. मला वाटतं त्यांना कळलंय. मुलाचं काहीतरी त्यांना दिसलंय आणि माझ्यासमोर बसवत नाहीये त्यांना."

३

संध्याकाळी मी वैभवीला शहरातल्या एका कॅफेटेरियात गाठलं. तिने इथले दाट दुधाचे दोन करक चहा मागवले आणि मी विचारायच्या आधीच म्हणाली, "ईशानीने पाठवलं ना तुम्हाला?"

"मी माझी आलेय. पत्र घेऊन घरी का गेलीस?"

"खरं सांगू? ते घर बघायचं होतं." चहावर फुंकर घालत ती म्हणाली. "एकदाच. जे आपलं झालं असतं ते कसं दिसतं ते. बघितलं, खलास. पडदे मला नाही आवडले."

"ह्यूस्टनला काय झालं?"

"काय होणार? आम्ही अकरा जण होतो. सकाळी सातला बस, संध्याकाळी सातला परत. निखिल जेवायच्या टेबलावर झोपायचा. आणि जागा असला की ईशानी अशी, ईशानी तशी. माझं डोकं उठलं होतं हो." तिने कप खाली ठेवला. "काकू, तुम्ही ते जोडीने भरायचं रिटर्न करता ना. मला हेवा वाटतो त्याचा. माझ्या कुठल्याच कागदावर दुसऱ्या सहीची जागा नसते."

बाहेर निखिल गाडीत थांबला होता, मला सोडायला. गाडीत मी त्याला सरळ विचारलं, "नोव्हेंबरच्या पानावर काय काय होतं?"

"तारखा. मी गेलो, आलो ते. आणि ईशानीच्या उपासाच्या खुणा."

"कुठल्या खुणा?"

"त्या लाल टिकल्या. पाच-सहा होत्या. मी नव्हतो म्हणून तिने उपास जास्त केले असतील असं मला वाटलं. मी विचारलं नाही, म्हटलं असेल काही व्रत." गाडी सिग्नलला थांबली. "काकू, मी ते पान फाडलेलं नाही. पण ती मला विचारतच नाहीये. नुसती बघते. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती खुर्ची लांब नेऊन बसली."

त्याचा आवाज असा फाटला की मी खिडकीबाहेर बघत बसले.

४

त्याच्याच घरी उतरले. माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे.

अस्मी, वय वर्षं आठ, सोफ्यावर उलटी पडून चित्र रंगवत होती. मी तिला विचारलं, मम्माच्या फाइलमधलं कॅलेंडर तू घेतलंस का चित्रांना. तिने मराठी ऐकून इंग्रजीत उत्तर दिलं, नेहमीसारखं.

"नो काकू. आय डोन्ट टच मम्माज फाइल. आय हॅव माय ओन पेपर."

तिच्या कात्रणांचा ढीग बाजूलाच होता. एकही कड सरळ नव्हती. हिचा हात त्या किनारीला लागलेला नव्हता, हे मी तिथेच मनात लिहून ठेवलं.

"आणि आजीचं धोंडस खाल्लंस का काल?"

हे मी उगीच विचारलं नाही. बुधवारी मी आले होते तेव्हा शोभनाताई किचनच्या ड्रॉवरमध्ये कागद घालत होत्या. सुपरमार्केटच्या जाहिरातींची पानं घ्यायची, दुमडायची, घडीवरून अंगठ्याचं नख फिरवायचं आणि एका झटक्यात फाडायची. कात्री हवी कशाला, म्हणाल्या. मी बारा पानं मोजून कॅलेंडर त्यांच्या हातात दिलं होतं, चाळा तुम्ही, आमच्या मंडळाचं आहे, मी काढते म्हणून. मिरवायची हौस, दुसरं काय. तेव्हा त्या खुशीत होत्या. शुक्रवारी धोंडस करते, म्हणाल्या, दोन तवशी आणायला सांगितली आहेत, तुम्हाला डबा पाठवते. तवशाचं, म्हणजे मोठ्या जून काकडीचं, गूळ आणि तांदळाच्या रव्याचं ते धोंडस. त्यांच्या हातचं निखिल लहानपणापासून खातो.

शुक्रवारी डबा आला नाही. मी त्याची नोंद घेतली होती, कारण मी तशी आहे.

"शी डिडन्ट मेक इट," अस्मी म्हणाली. "आजी सेड शी फरगॉट हाउ."

"विसरली?"

"या. अँड शी वॉज क्रायिंग इन द बाथरूम. टॅप ऑन करून."

शोभनाताई खोलीत बॅग भरत होत्या. अडुसष्ट वर्षांच्या, ताठ कण्याच्या. मी दारात उभी राहिले तर त्यांनी बॅगेचं झाकण खाली केलं.

"अचानक निघालात?"

"चार दिवसांची पाहुणी मी. जास्त राहू नये."

"आणि धोंडस?"

"ज्यांचं आहे त्यांनी करावं," त्या म्हणाल्या आणि साडीची घडी करू लागल्या. घडीवरून त्यांनी नख फिरवलं.

दाराबाहेर ईशानी उभी होती. "बघितलंत?" ती कुजबुजली. "सगळ्यांना माहितीये. मलाच कोणी सांगत नाही."

५

घरी येऊन मी फाइल पुन्हा उघडली आणि सदानंदांना समोर बसवलं. त्यांना यातलं काही कळत नाही, म्हणून ते चांगले ऐकतात.

"हे बघा," मी म्हटलं. "निखिलला ह्यूस्टनचे दिवस लपवायचे असते तर त्याने काय काढलं असतं? याच फाइलमध्ये त्याचे बोर्डिंग पास आहेत. हॉटेलचं पत्र आहे. ट्रेनिंगचं वेळापत्रक आहे. कॅलेंडर तर मी नुसतं ताळ्याला मागते. ते सगळं शाबूत ठेवून फक्त कॅलेंडरचं पान कोण फाडेल?"

"मूर्ख माणूस."

"निखिल मूर्ख नाही. बरं, लाल टिकल्या लपवायच्या होत्या म्हणावं, तर त्याला त्या उपासाच्या वाटतात. त्यांचा अर्थ फक्त ईशानीला माहीत. आणि ईशानीने कशाला फाडावं? तिला तर त्या टिकल्या पुराव्याला हव्या आहेत. वैभवी त्या पानापर्यंत पोचली नाही, ईशानीच्या डोळ्यांनी तिला अडवलं. अस्मीला सरळ फाडता येत नाही."

"मग आई राहिली. पण आईला मुलाच्या तारखांशी काय करायचंय?"

"तेच तर. काही नाही. म्हणजे तारखांसाठी पान गेलेलंच नाही. आम्ही सगळे आज दिवसभर पानाच्या पुढच्या बाजूवर भांडतोय. अहो, पानाला मागची बाजू असते."

एवढं बोलून मी शहाण्यासारखी हसले आणि लॅपटॉपवर मंडळाच्या कॅलेंडरचं फोल्डर उघडलं. नोव्हेंबर, मागील पान. ईशानीचा हसरा फोटो. खाली ठळक अक्षरांत: धोंडस. कृती: ईशानी. मग साहित्य, मग कृती, आणि शेवटी एक गंमत म्हणून सांगितलेली युक्ती, की भांड्याच्या तळाला हळदीचं पान घालावं, त्याने वास बदलतो. शोभनाताईंचं नाव कुठेही नव्हतं.

त्यांनी बुधवारी हे वाचलं होतं. मीच त्यांच्या हातात दिलं होतं.

माझं हसू तिथेच गेलं, कारण मला आता दुसरं काहीतरी आठवायला लागलं होतं. मी ईशानीची मूळ ईमेल शोधायला घेतली. सापडू नये असं वाटत होतं. ती लगेच सापडली.

सदानंद चष्मा लावून वाचायला आले, तर मी लॅपटॉप मिटला.

"काय होतं?" त्यांनी विचारलं.

"उद्या सांगते," मी म्हटलं. आमच्या बत्तीस वर्षांच्या संसारात मी लॅपटॉप त्यांच्यासमोर पहिल्यांदा मिटला.

६

रविवारी दुपारी मी ती ईमेल छापून पर्समध्ये घातली आणि निखिलकडे गेले. उन्हाने रस्ता पांढरा झाला होता. दोन गल्ल्या चालताना मी तीन वेळा ठरवलं की परत फिरावं. नुसतं पान मिळवून द्यावं, गैरसमज झाला म्हणावं, सह्या घ्याव्यात. बाकी कोणाला कळायचं काय कारण?

शोभनाताई पलंगावर बसल्या होत्या, बॅग बंद करून. मी दार ओढून घेतलं, पण नीट लागलं नाही.

"शोभनाताई, नोव्हेंबरचं पान तुमच्याकडे आहे."

 त्यांनी बॅग उघडली, एका साडीच्या घडीतून पान काढलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. मागची बाजू वर करून.

"त्या पोरांचं या पानावरून भांडण चाललंय," मी म्हटलं. "तुम्ही तारखांसाठी फाडलं नाहीत हे मला माहीत आहे."

"भांडण? कसलं भांडण?" त्या खरोखर दचकल्या. "मला वाटलं जुनं कॅलेंडर आहे, रद्दीत जायचं. मला कोणी काही बोललं नाही. मी पण खोलीतून बाहेर पडले नाही."

मग त्यांनी ईशानीच्या फोटोवर बोट ठेवलं.

"हळदीचं पान मी कोणाला सांगितलं नव्हतं. जावेला नाही, बहिणीला नाही. चाळीस वर्षं. हिला सांगितलं, कारण हिने विचारलं. शेजारी बसून, वहीत लिहून घेतलं हिने. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा. आणि हिने ते स्वतःच्या नावावर छापलं, फोटोसकट. मी काय मागत होते? धोंडस कोणाचं एवढंच." पदराने त्यांनी डोळे पुसले. "मला तिचा मत्सर वाटला हो. सुनेचा मत्सर. मुलगा तिचा झाला तेव्हा नाही वाटला, पण हे वाचलं तेव्हा वाटला. मला माझीच लाज वाटली, म्हणून म्हटलं निघून जावं."

मी पर्समधून ईमेल काढली.

"हे ईशानीने पाठवलं होतं. मूळचं. वाचा."

त्यांना चष्मा सापडेना, तेव्हा मीच वाचलं. "ही कृती माझ्या सासूबाई शोभनाताईंची आहे. हळदीच्या पानाची युक्तीही त्यांचीच. मी दहा वेळा केलं, पण त्यांच्या हातची चव मला आलेली नाही, आणि येऊही नये, म्हणजे त्या दर वर्षी येत राहतील."

 कागद माझ्या हातातून घेऊन त्यांनी तो छापील पानाशेजारी धरला.

"मग हे कुठे गेलं? जागा नव्हती का?"

एवढंच विचारलं त्यांनी. आणि प्रश्नातच मला उत्तर देऊन ठेवलं होतं. नव्हती म्हटलं असतं तर त्या हो म्हणाल्या असत्या. संपादकाला जागेचीच अडचण असते, सगळ्या जगाला ते पटतं. दीड वर्षं मला स्वतःलाही ते पटलं होतं.

"होती," मी म्हटलं. "या तीन ओळी मावल्या असत्या. हे कमळ दिसतंय ना खाली, नक्षीचं? तिथे होती जागा. ओळी मी कापल्या आणि कमळ मी टाकलं."

"का?"

"कारण माझ्या सुनेने माझ्याबद्दल असं कधी लिहिलं नाही. मी हे वाचलं आणि माझ्या अंगाची आग झाली. तुम्हाला मी तेव्हा ओळखतही नव्हते. तरी कापलं."

दार उघडलं. ईशानी आणि तिच्यामागे निखिल. किती वेळ उभे होते देव जाणे.

"मी वाचलंच नव्हतं ते छापून आल्यावर," ईशानी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आपणच लिहिलेलं कोण परत वाचतं? फोटो बरा आलाय म्हणून कॅलेंडर लावलं भिंतीला. आई, तुम्ही मला विचारायचं ना."

"तू निखिलला विचारलंस का?" शोभनाताई म्हणाल्या.

ईशानीने पान उचललं, उलटं केलं आणि निखिलपुढे धरलं. "या टिकल्या कसल्या आहेत माहितीये?"

"उपासाच्या."

"तुझा फोन आला नाही त्या रात्रींच्या."

निखिलने मोजल्या. पाच. मग म्हणाला, "मी झोपायचो ग. बसमधून उतरलो की झोपायचो. एवढं होतं तर एकदा सांगायचंस."

ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडली आणि मी त्या खोलीतून बाहेर आले, कारण माझं तिथे काही काम नव्हतं.

७

सह्या त्याच संध्याकाळी झाल्या, त्यांच्या डायनिंग टेबलाशी. पानावरून मी ह्यूस्टनचे कामाचे दिवस मोजले, बारा. दिवसाला साडेसतराशे दिरहम, म्हणजे आपले बेचाळीस-त्रेचाळीस हजार रुपये. बारा दिवसांचा तेवढा पगार वगळता आला नाही, बाकीचा वगळला. फ्लॅटचा नफा मांडला, जोडप्याची वजावट काढली, उरलं ते करपात्र. आधी ईशानीने सही केली, मग निखिलने. दोघांच्या खुर्च्या पुन्हा चिकटल्या होत्या आणि मी त्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

शोभनाताईंचं तिकीट परत जुलैवर गेलं. दोनशे दिरहम जास्त पडले. त्यांनी ते लगेच रुपयांत केले, पाच हजार, आणि कपाळाला हात लावला. माझ्याशी मात्र त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी नोव्हेंबरच्या पानावर कमळाच्या शेजारी पेनने त्या तीन ओळी लिहून दिल्या, माझ्या अक्षरात, खाली माझं नाव घालून. त्यांनी ते पान घेतलं, दुमडलं आणि ब्लाउजमध्ये ठेवलं. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. मी अपेक्षाही केली नव्हती.

मंडळाला मी त्याच रात्री ईमेल केली की पुढच्या वर्षीचं कॅलेंडर दुसऱ्या कोणी काढावं. कारण विचारलं त्यांनी. मी खरं ते लिहिलं.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात अस्मी, हातात स्टीलचा डबा, कडीला गाठ मारलेली.

"आजीने धोंडस केलं?" मी विचारलं.

"या. शी रिमेम्बर्ड." मग तिने पाठ केल्यासारखं म्हटलं, "आजी सेज धिस इज ओन्ली फॉर सदानंदकाका."

सदानंदांनी डबा टेबलावर ठेवून उघडला. हळदीच्या पानाचा वास सगळ्या खोलीत पसरला. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाले, "असं मी जन्मात खाल्लं नाही."

एक तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "नको. तुमच्या नावाने आलंय, तुम्हीच खा." आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून, डबा रिकामा होईपर्यंत बघत बसले.